नावडीचा तर्जुमा

वांग्याची मला किळस येते, एवढंच मी बायकोला म्हणालो होतो. शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि खिशातून पेन्सिल काढली.

"ताटात वांगं आलं तर काय करता?"

"बाजूला सारतो."

"दुसरा कोणी शेजारी बसून खात असला तर पाहवतं?"

"पाहवतं की."

"वास?"

"वासाचं काही नाही."

"मग ही नुसती नावड झाली, वकीलसाहेब. किळस म्हणू नका. वांग्यावर अन्याय होतो."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मला मात्र हसू आलं नाही. सनद घेऊन मला दीड वर्ष झालं होतं, आणि माझ्याच घरात माझेच पोहे खात कोणी माझी उलटतपासणी घ्यावी, याचा मला राग आला होता. राग, की चीड? त्या माणसाची ओळख झाल्यापासून असले प्रश्न मला पडायला लागले ते अजून पडतात.

त्या काळी गोंदियाला कोर्टाचं कामकाज इंग्रजीत चाले. साक्षीदार झाडीच्या बोलीत बोलायचा, कधी पोवारीत, कधी गोंडीत. आम्ही वकील अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचो. आणि साहेबांच्या कागदावर उतरायचं ते इंग्रजी. या सगळ्यांच्या मधे हे गृहस्थ उभे असत. हुद्दा ट्रान्सलेटरचा, पण गाव त्यांना दुभाषीबाबू म्हणे, आणि मीही तेच म्हणत असे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं उंच, मानेत जरासे वाकलेले. सतत कोणाच्या तरी तोंडाजवळ कान नेऊन ती मान तशी झाली असावी.

त्यांच्या काळ्या कोटाचे खिसे नेहमी फुगलेले असत. आत कागदाचे तुकडे. आलेले लखोटे ते उलटे फाडत, आतली कोरी बाजू कापून ठेवत, आणि एकेका तुकड्यावर एकेक शब्द लिहीत. खाली बारीक अक्षरात तो शब्द कोण, कशाबद्दल बोललं ते. सगळे शब्द नावडीचे. एखादी गोष्ट नकोशी वाटते हे माणसं कसकसं सांगतात, याखेरीज त्या तुकड्यांवर दुसरं काही नव्हतं.

"आवडीचे का जमवत नाही?" मी एकदा विचारलं.

"कोर्टात कोणी आवडतं म्हणून येत नाही," ते म्हणाले.

आठवडी बाजारात ते सुकट विकणाऱ्या बाईच्या दुकानापाशी तास-तास उभे राहत. नाक दाबून पुढे जाणारी गिऱ्हाइकं काय पुटपुटतात ते ऐकायला. शेवटी एकदा ती वैतागली. "बाबूजी, लेना है तो लो, नहीं तो नाक बंद करो और आगे बढ़ो." त्यांनी खुशीत तेही टिपून घेतलं.

नावड शरीरात कुठे बसते यावर त्यांचा मोठा विश्वास. किळस कातडीला येते, शिसारी पोटाला. तिरस्काराला उंची लागते, कारण तिरस्कार करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. आणि वीट यायला आधी गोडी लागते. कारल्याचा वीट येत नाही, श्रीखंडाचा येतो. हे सगळं ते शिकवल्यासारखं सांगत नसत. स्टेशनकडे जाता जाता, मधेच थांबून, दुसऱ्याच कोणाशी बोलल्यासारखं सांगत.

इंग्रजीबद्दल म्हणत, "त्यांच्याकडे शब्द कमी नाहीत. डिसगस्ट आहे, अ‍ॅव्हर्जन आहे, आणखी पुष्कळ आहेत. पण आपल्या कोर्टाच्या कागदावर दोनच चालतात, डिस्लाइक आणि हेट. पहिल्यानं दावा खारीज होतो, दुसऱ्यानं माणूस आत जातो."

त्यांच्या घरी मी चार-सहा वेळा गेलो असेन. त्यांची पत्नी मोजकं बोलणारी. एकदा चहा देताना ती मला म्हणाली, "तीस वर्षांत मला एक गोड शब्द नाही बोलले. पण वाईटसुद्धा कधी चुकीचं नाही बोलले." ही तक्रार होती की कौतुक, ते मला कळलं नाही. दुभाषीबाबूंनी मात्र मान हलवली. जणू साक्ष बरोबर नोंदवली गेली होती.

आमची खरी गाठ पडली ती हिरामनच्या दाव्यात. हिरामन माझा पक्षकार, मुर्रीच्या पलीकडच्या एका गावचा. घरची धानाची शेती, सरळ माणूस. त्याची बायको फुलवंता दोन वर्षांपासून माहेरी राहत होती. तिनं नांदायला यावं म्हणून त्यानं दावा लावला होता. माझ्या दृष्टीनं दावा जिंकल्यातच जमा होता. हा मारत नव्हता, पीत नव्हता, दुसरी बाई नव्हती. कायद्यापुढे ती काय सांगणार?

फुलवंता कठड्यात उभी राहिली. हिरव्या लुगड्यातली, तिशीच्या आतली बाई. तिनं माझं काम आणखी सोपं केलं. मी विचारण्याआधीच म्हणाली, "मारत नाही जी. दारू पेत नाही. खायले-लेवाले कमी करत नाही."

"मंग नांदाले काऊन जात नाही?" दुभाषीबाबूंनी माझा प्रश्न तिच्या बोलीत विचारला.

तिनं कठड्याच्या लाकडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मन इटलं जी."

साहेब बंगाली होते. हिंदी त्यांना समजे, पण झाडीची बोली कानावरून जाई. पेन उचलून ते थांबले. दुभाषीबाबू काही बोलेनात.

"हेट करते?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग डिस्लाइक?"

"नाही साहेब."

मी उठलो. डिस्लाइक हा शब्द कागदावर उतरला असता तर माझं काम तिथंच झालं असतं. नुसत्या नावडीपायी नवऱ्याचं घर सोडता येत नाही, असं म्हणून मी खाली बसलो असतो. मी म्हणालो, "दुभाष्याचं काम शब्दाला शब्द देण्याचं. साक्ष देण्याचं नाही."

साहेबांना ते पटलं. "एक शब्द द्या," ते दुभाषीबाबूंना म्हणाले.

दुभाषीबाबू इंग्रजीत बोलले, सावकाश. "हेट लिहिलं तर ही बाई दुष्ट ठरते, साहेब. डिस्लाइक लिहिलं तर लाडावलेली. ती या दोन्हींपैकी काहीच म्हणाली नाही."

"मला एक शब्द पाहिजे."

"एक शब्द एकदा दिला होता, साहेब. आता नाही देत."

साहेबांचे कान लाल झाले होते. एका कारकुनानं भर कोर्टात हुकूम मोडावा, तोही पेन्शन तोंडावर आलेल्या! साहेबांनी मनात आणलं असतं तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. पण त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि थकल्यासारखे म्हणाले, "तिलाच विचारा, म्हणजे काय ते."

दुभाषीबाबू कठड्याजवळ गेले. "बाई, इटलं म्हणजे कसं? साहेबाले समजून नाही राहिलं."

"कसं सांगू जी." तिनं हिरामनकडे पाहिलं नाही, पण बोलली ती त्याला ऐकू जाईल अशी. "लगन झालं तवा हा धानाच्या बांधीतून येताना दिसला का माझं पाऊल घरात ठरत नव्हतं. मंग पोरगी झाली. रोवन्याच्या दिवसात पोरगी तापली. मी म्हनलं, गोंदियाले नेऊ. हा म्हने, दोन दिवसाचा रोवना उरला, पानी पडून राहिलं, मंग जाऊ. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली."

साहेबांनी दुभाषीबाबूंकडे पाहिलं. त्यांनी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत केलं, रोवना म्हणजे धानाची लावणी हेही सांगितलं. कुठे आवाज चढला नाही की उतरला नाही.

"याची चूक मी नाही म्हनत," फुलवंता पुढे म्हणाली. "पानी काही कोनासाठी थांबत नाही. सारा गाव तसंच करते. पर त्याच्यानंतर हा बांधीतून येताना दिसे, आन् माझ्या आत काहीच हालत नव्हतं. राग असता तं भांडली असती जी. राग तं नाही."

दुभाषीबाबूंनी साहेबांना विनंती केली की 'इटलं' हा शब्द इंग्रजी कागदात तसाच देवनागरीत राहू द्यावा. साहेबांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी शब्द लिहिला आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. जे कधी गोड होतं त्यापासून मन फिरणं. जे गोड नव्हतंच त्याला हा शब्द लागत नाही. लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत आणि मग, कोणी सांगितलं नसताना, तिच्या बोलीत. तिनं मान हलवली.

जेवणाची सुट्टी झाली. हिरामन व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. मी त्याला धीर द्यायला गेलो. म्हटलं, बाई काहीही बोलली तरी कायदा आपल्या बाजूला आहे, साहेबांना हुकूम द्यावाच लागेल.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "दावा उचला."

"काऊन?" माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

"गाव म्हनत होता, तिले तू कधी आवडलाच नाही. मायबापानं बांधली तुझ्या गळ्यात, पोरीचं निमित्त झालं आन् गेली. मीबी तेच धरून बसलो होतो. म्हनून तं दावा लावला जी, का एकडाव गावाच्या देखत आनून दाखवीन." तो हाताच्या तळव्यांकडे पाहत होता. "आज ती म्हनाली, इटलं. इटलं म्हनजे होतं ना जी कधी."

मी त्याला पुष्कळ समजावलं. एवढं झाल्यावर माघार कशाला, निकाल आठवड्यावर आला आहे, आपण जिंकतो आहोत.

"जितून काय आनू घरी?" त्यानं विचारलं. दुपारी मी दावा मागे घेतल्याचं निवेदन केलं. बाहेर पडताना हिरामन आणि फुलवंता एकमेकांशी बोलले नाहीत. तिची चप्पल दाराशी गर्दीत कोणाच्या पायानं लांब गेली होती. ती त्यानं पायानंच सरकवून जागेवर आणली आणि जिना उतरला.

मी दुभाषीबाबूंशी पंधरा दिवस बोललो नाही. मग भांडायलाच गेलो. "माझा जिंकलेला दावा तुम्ही घालवला," मी म्हणालो.

"मी काय केलं? तिनं सांगितलं, त्यानं ऐकलं. मी मधे जरा कमी आलो, एवढंच."

"आणि 'एक शब्द एकदा दिला होता' म्हणालात, तो कोणता?"

त्यांनी कोटाच्या बाहीवरचा धागा तोडला आणि विषय बदलला.

त्यानंतर आमचा भाग मुंबई राज्यात गेला, बंगाली साहेबांची बदली झाली. नवे साहेब मराठी होते. साक्षीदार बोलायचा आणि साहेबांना थेट कळायचं. कठड्याजवळची दुभाषीबाबूंची जागा रिकामी राहू लागली. ते आतल्या खोलीत बसून जुन्या कागदांचे तर्जुमे करत आणि पेन्शनची वाट पाहत. अशाच एका दुपारी ते वकिलांच्या खोलीत माझ्याकडे आले, समोर बसले, आणि न विचारता सांगायला लागले.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराची गोष्ट. ते तेव्हा सेशन कोर्टात होते. अर्जुनीकडच्या दसरू नावाच्या शेतकऱ्यानं बांधावरच्या भांडणात कुऱ्हाडीचा घाव घालून सख्ख्या भावाला मारलं होतं. घाव घातल्याचं तो नाकारत नव्हता. प्रश्न एवढाच होता की मनात आधीपासून काय होतं. जज्जसाहेबांनी विचारलं, भावाबद्दल तुला काय वाटत होतं? दसरू म्हणाला, "कंटारा आला होता जी."

"कंटाळा," दुभाषीबाबू मला म्हणाले. "साधा शब्द. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली होती. साहेब म्हणाले, एका शब्दात सांगा. मी 'हेट' म्हणालो. का म्हणालो ते मला आजवर समजलं नाही. निकालात तो शब्द तीनदा आला. द्वेष होता, म्हणून हेतू होता, म्हणून जन्मठेप. कंटाळलेला माणूस हात उगारतो, वकीलसाहेब. ठरवून मारत नाही."

निकाल वाचल्यावर त्यांनी वरच्या कोर्टाला स्वतःच्या सहीनं अर्ज पाठवला होता, की माझा तर्जुमा चुकला. इतर पुरावा पुरेसा आहे, असा शेरा मारून तो अर्ज परत आला. तेव्हापासून ते लखोटे फाडायला लागले होते.

"दसरू सुटला आहे," ते म्हणाले. "महिना झाला. तुम्ही माझ्यासोबत चला. एकट्यानं जायची मला भीती वाटते." मग म्हणाले, "भीतीच. दुसरा शब्द नाही."

धानाची कापणी आटोपली होती. छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही अर्जुनीला उतरलो आणि तिथून पायी निघालो. प्रतापगडची टेकडी डाव्या हाताला ठेवून दोन तास चाललो. एरवी वाटेत भेटेल त्याला थांबवून शब्द विचारणारा माणूस त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही.

दसरू अंगणात दोर वळत बसला होता. केस पांढरे, हात अजून दणकट. त्यानं मान वर केली आणि बराच वेळ पाहिलं.

"तुमी ते कोटातले ना जी? इंगरजी बोलनारे?"

दुभाषीबाबू बसले नाहीत. उभ्यानंच, शाळेत पाठ म्हटल्यासारखं त्यांनी सगळं सांगितलं. तू काय म्हणाला होतास, मी काय सांगितलं, साहेबांनी काय लिहिलं. "तुझी जी वर्षं गेली त्यातली काही माझ्या शब्दानं गेली," ते म्हणाले.

दसरूच्या हातातला दोर चालू होता. "बसा तं पहिले," तो म्हणाला. मग उठून त्यानं पाणी आणून दिलं आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

"तुमी काय बोलले ते मले तवाबी नाही समजलं. पर एक सांगू का? कंटारा नव्हता जी. दुस्वासच होता. लहानपनापासून. एक बांध, एक ताट, एक माय. त्याच्या बांधीत पानी चढलं का माझ्या छातीत दुखे."

"मग कोर्टात कंटारा काऊन म्हणाला?" मी विचारलं.

"माय बसली होती ना समोर. एक लेक गेला, दुसरा कठड्यात उभा. तिच्या कानात तो शब्द कसा घालू?" दोन पेड त्यानं एकमेकांवर चढवले. "या बाबूजीनं सांगितलं इंगरजीत. मायले काही समजलं नाही. बरं झालं. मरेपर्यंत ती गावाले सांगे, दसरूले कंटारा आला होता, हातून होऊन गेलं."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी दुभाषीबाबूंकडे वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "पाहा! म्हणजे तुम्ही चुकलाच नव्हता. खरं तेच सांगितलं तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टात एखाद्या साक्षीदाराचं बोलणं समजलं नाही की पाहत, तसं.

"चुकलो," ते म्हणाले. "तो कंटारा म्हणाला. खरं काय ते पाहणं माझं काम नव्हतं." मग दसरूकडे वळून, "तू सांगितलं तेच मी सांगायला पाहिजे होतं."

मला वाटलं, आता हा म्हणेल, जाऊ द्या जी. आपली माणसं असंच म्हणतात.

"हो जी," दसरू म्हणाला. "सांगायले पाहिजे होतं. दोन-चार वर्सं कमी भेटली असती. माय गेल्या पावसात गेली. तिचं तोंड पाहायले भेटलं असतं."

शेजारच्या खळ्यावर कोणीतरी धान उडवत होतं, त्याचा भुसा उन्हातून आमच्या अंगणात येत होता. दुभाषीबाबू डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण ते काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

दसरूनं दोर लांब सोडला. वळलेलं टोक त्यानं खांबाला अडकवायला पाहिलं, पण ते पुरेना. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "हे टोक धरता का? जरा ताण पाहिजे."

दुभाषीबाबू उठले. त्यांनी टोक दोन्ही हातांत धरलं आणि अंगणाच्या कडेपर्यंत मागे सरकत गेले. दसरू पीळ भरत होता आणि ते धरून उभे होते. मी दोनदा घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलं नाही. पहिला दोर झाला, मग दसरूनं दुसरा घेतला. संध्याकाळची गाडी आमच्याविना गेली.